वाळूखालचे रेशीम : सर ऑरेल स्टाइन

ऑरेल स्टाइन यांचा जन्म १८६२ साली हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. संस्कृत व प्राचीन इराणी भाषांचे अध्ययन करून ते १८८८ मध्ये लाहोरला आले आणि तेथील ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य झाले. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे संपादन व इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांना ओढ होती ती मध्य आशियातील वाळवंटाची.

१९०० ते १९१६ या काळात त्यांनी तकलामकान वाळवंटाच्या परिसरात तीन मोहिमा काढल्या. निर्जल प्रदेशात जाताना पाणी म्हणून उंटांवर बर्फ लादलेला असे. १९०८ मध्ये हिमदंशामुळे त्यांना उजव्या पायाची बोटे गमवावी लागली. तरीही १९१३ साली ते पुन्हा निघाले.

१९१४ मध्ये लोलान या उजाड नगराजवळच्या थडग्यांत त्यांना जीर्ण वस्त्रांचे तुकडे सापडले. दमट हवेत असे कापड केव्हाच कुजून जाते. तेथील कोरड्या भूमीत मात्र त्याचे रंगही टिकले होते. काही तुकडे चिनी रेशमाचे होते. त्यांवरील मेघ व प्राणी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांनी उठवलेले होते. त्यांच्याच सोबत एक लोकरी तुकडा मिळाला. रंगीत बाण्याने विणलेल्या त्या कापडावर हर्मीस या ग्रीक देवाचा चेहरा होता! चिंधीवजा तुकड्यांतून दूरदेशींच्या विणकरांचा संबंध उलगडतो, हे स्टाइन यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी तुर्फानजवळ अस्ताना येथील थडग्यांत त्यांना इराणी धर्तीच्या मोत्यांच्या वर्तुळांची नक्षी असलेले रेशीम आढळले.

तिसऱ्या मोहिमेचा खर्च भारत सरकारने केला होता. त्यामुळे तिच्यातील बहुतेक वस्तू भारताकडे आल्या. हर्मीसचा तो तुकडा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

मात्र या कार्याला दुसरी बाजूही आहे. १९०७ मध्ये दुनहुआंगच्या गुहेतील हजारो हस्तलिखिते व रेशमी चित्रपताका स्टाइन यांनी तेथील पुजाऱ्याला अल्प मोबदला देऊन नेल्या. चीनमध्ये या कृत्याकडे लूट म्हणून पाहिले जाते, आणि तो आक्षेप अनाठायी म्हणता येत नाही. १९३० साली निघालेल्या चौथ्या मोहिमेतील वस्तू त्यांना चीनबाहेर नेता आल्या नाहीत.

अफगाणिस्तानात संशोधन करण्याची त्यांची इच्छा अनेक दशकांची होती. अखेर परवानगी मिळून ते काबूलला पोहोचले आणि थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबर १९४३ रोजी, तेथेच मरण पावले.