ब्रिगम यंग

पुढाऱ्याच्या एका शब्दाने लोकांचे प्राण वाचतात, आणि त्याच मुखातील दुसऱ्या शब्दाने घातही होतो. हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा पुढारी ब्रिगम यंग ह्याचे चरित्र पाहावे. त्या पंथाची शिकवण व आपल्या मंडळ्यांचा विश्वास ह्यांत मोठे अंतर आहे. परंतु लोकांचा भार वाहणाऱ्या प्रत्येकास त्याच्या आयुष्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्याचा जन्म ता. १ जून १८०१ रोजी व्हरमाँट प्रांतातील विटिंगहॅम गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. अकरा भावंडांत तो नववा. चौदा वर्षांचा असता त्याची आई क्षयाने वारली. शाळेत तो अवघे अकरा दिवस गेला असेल. पुढे सुतारकाम, रंगकाम व खिडक्यांना काचा बसविण्याचे काम शिकून तो आपले पोट भरू लागला. प्रथम तो मेथॉडिस्ट मंडळीत होता. १८३० साली जोसेफ स्मिथ ह्याने मॉर्मनचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते यंगच्या हाती पडले. उतावळेपणा न करिता त्याने सुमारे दोन वर्षे विचार केला आणि एप्रिल १८३२ मध्ये त्या पंथाचा बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्याची पत्नी मिरियम दोन लहान मुली मागे ठेवून क्षयानेच मरण पावली.

१८३५ साली स्मिथने नेमिलेल्या बारा प्रेषितांत यंग होता. १८४० साली तो इंग्लंडात गेला, आणि त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या उपदेशाने तेथील हजारो मजूर व कारागीर त्या पंथास मिळाले. ता. २७ जून १८४४ रोजी कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथचा वध केला. तेव्हा भयभीत झालेल्या लोकांपैकी बहुतेकांनी यंग व इतर प्रेषित ह्यांचे पुढारीपण मान्य केले.

शेजाऱ्यांच्या छळामुळे फेब्रुवारी १८४६ मध्ये, ऐन थंडीत, त्यांनी नावू हे आपले शहर सोडिले. वाटेत मिसुरी नदीकाठच्या छावणीत थंडीने व रोगाने शेकडो लोक दगावले. पुढील वसंतऋतूत यंग १४८ जणांची तुकडी घेऊन निघाला व ता. २४ जुलै १८४७ रोजी, तापाने आजारी असता, सॉल्ट लेक खोऱ्यात पोचला. त्याच्या पुढे गेलेल्यांनी आदल्याच दिवशी ओढ्याचे पाणी वळवून नांगर धरिला होता. पाऊस थोडा, शेजारचे सरोवर खारट. अशा ठिकाणी पाणी व लाकूड ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे, असा नियम त्याने केला. सर्वांनी मिळून पाट खणले आणि पाळीपाळीने पाणी घेतले. त्याच्या हयातीत अशी तीनशेहून अधिक गावे वसली. त्याचे उपदेशक त्या काळी कलकत्ता, मुंबई व पुणे येथेही येऊन गेले. परंतु ते काम येथे टिकले नाही.

१८५६ साली गाड्याबैलांचा खर्च वाचावा म्हणून परदेशातून येणाऱ्या गरिबांनी हातगाड्या ओढीत पायी यावे, अशी योजना त्याने काढिली. शेवटच्या दोन तुकड्यांना निघण्यास उशीर झाला. त्या वाटेवर अडकल्याची बातमी ऑक्टोबरच्या आरंभी आली. ता. ५ रोजी भरलेल्या सभेत त्याने इतर उपदेश बाजूस ठेवून लोकांजवळ गाड्या, खेचरे व पीठ मागितले, आणि ता. ७ रोजी पहिल्या गाड्या निघाल्या. बर्फात दोनशेहून अधिक माणसे मेली, परंतु शेकडो वाचली. मात्र पुढे त्याने दोष हाताखालच्या लोकांस दिला. योजना त्याची स्वतःची होती.

दुसऱ्या वर्षी त्यास गव्हर्नरपदावरून काढण्यासाठी अमेरिकन सरकारने फौज पाठविली. यंग व त्याचे साथी ह्यांनी अतिशय कडक भाषणे केली व परक्यांविषयी लोकांची मने पेटविली. अशा वेळी कॅलिफोर्नियास जाणारा एक काफिला दक्षिण भागातून चालला होता. तेथील मॉर्मन शिपायांनी काही पायूट लोकांस सोबत घेऊन त्यास वेढा दिला. मग पांढरे निशाण दाखवून, अभय देऊन, हत्यारे खाली ठेवविली आणि ता. ११ सप्टेंबर १८५७ रोजी सुमारे १२० पुरुष, स्त्रिया व मुले ठार मारिली. केवळ १७ लहान लेकरे राखली. त्या लोकांस जाऊ द्यावे असे यंगचे पत्र दोन दिवस उशिरा पोचले. त्याची कडक भाषणे मात्र कित्येक आठवडे आधीच पोचली होती. त्याने वधाची आज्ञा केल्याचा पुरावा नाही. तरी सत्य उघडे करण्यास तो झटला नाही, आणि वीस वर्षांनी केवळ जॉन ली ह्या एकासच देहांताची शिक्षा झाली.

त्याच्या शब्दाचे ओझे इतरांवरही पडले. १८५२ साली बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर झाली; त्याने स्वतः पन्नासहून अधिक स्त्रियांशी विवाह लाविला. ती चाल त्या पंथाने १८९० साली सोडण्याचे जाहीर केले. काळ्या वर्णाच्या पुरुषांस याजकपद देऊ नये असेही त्याने १८५२ सालीच सांगितले. ती बंदी १९७८ साली उठली. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याचा अन्याय त्याच्या मागे शंभर वर्षे चालला.

ता. २९ ऑगस्ट १८७७ रोजी सॉल्ट लेक शहरी तो मरण पावला. आपणास साध्या लाकडी पेटीत पुरावे व स्त्रियांनी त्यासाठी काळी वस्त्रे विकत घेऊ नयेत, असे त्याने आधीच लिहून ठेविले होते.

वाचकहो, ज्याने उपाशी लोकांस पीठ पाठविले त्याच माणसाच्या भाषणांनी दुसरीकडे आग लागली. मंडळीपुढे उभे राहून बोलणाऱ्या आम्हा सर्वांस ह्यात इशारा आहे. रागाचा शब्द गावोगाव पोचतो आणि त्यामागून धाडिलेले आवरते पत्र बहुधा उशिराच पोचते.