न्यायमूर्ती काशीनाथ त्रिंबक तेलंग

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत अन्य ज्ञातीत जन्मलेल्या पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही ज्ञातिबंधु-भगिनींच्या मनात येणे साहजिक आहे. विद्या आणि शील यांना ज्ञातीचे कुंपण नसते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर चरित्राच्या ओघात आपोआप मिळेल.

काशीनाथपंतांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईतील एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. चुलते त्रिंबकराव यांनी त्यांना दत्तक घेतले. एल्फिन्स्टन विद्यालयातून ते उच्च विद्याविभूषित होऊन बाहेर पडले आणि १८७२ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. हिंदु धर्मशास्त्राचा मूळ संस्कृतातून केलेला अभ्यास हे त्यांच्या वकिलीचे खरे बळ होते.

वकिलीच्या व्यापातही त्यांचा विद्याव्यासंग खंडित झाला नाही. रामायणावर होमरच्या काव्याची छाया आहे, असे मत जर्मन पंडित वेबर यांनी मांडले, तेव्हा तेविसाव्या वर्षी त्यांनी त्याचे साधार खंडन केले. भगवद्गीतेचे त्यांनी इंग्रजीत प्रथम पद्य व पुढे १८८२ साली गद्य भाषांतर केले. गद्य भाषांतर मॅक्सम्युलर यांच्या प्रसिद्ध ग्रंथमालेत समाविष्ट झाले. भर्तृहरीची शतके व ‘मुद्राराक्षस’ यांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या विद्वन्मान्य ठरल्या.

१८८२ च्या शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. १८८९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पुढील पस्तीस वर्षे कुलगुरुपद युरोपीय गृहस्थांकडेच राहिले. १८९२ साली ते प्रथमच एका भारतीयाकडे, म्हणजे तेलंगांकडे आले. ही केवळ शोभेची निवड नव्हती. १८८१ पासून सिंडिकेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळावर, त्यांनी काम केले होते. परंतु काळाने अवधी दिला नाही. १ सप्टेंबर १८९३ रोजी, पदावर असतानाच, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलगुरू झाले. तेलंगांची कारकीर्द जेमतेम वर्षभराची. पण उघडलेले द्वार पुन्हा मिटले नाही.

चरित्रकाराने उणेही लपवू नये. संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या या सुधारकाने घरच्या मंडळींच्या इच्छेपुढे मान तुकवून आपल्या कन्येचा विवाह अल्पवयातच केला. त्याबद्दल सहकारी सुधारकांकडून त्यांना कठोर टीका सोसावी लागली. ज्याच्या लेखणीपुढे परदेशी पंडित निरुत्तर झाले, तोही घराच्या उंबरठ्यात हतबल ठरला.

आपल्याला घेण्याजोगा बोध येथेच आहे. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांतून आज आपल्या कन्या वरुड-अमरावतीच्या महाविद्यालयांत जातात, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि चांगले स्थळ चालून आले की पदवी अर्ध्यावर सोडविण्याचा आग्रह घरातील वडीलधारी मंडळी आजही धरतात. अशा वेळी मुलीच्या बापाला एकटे पाडू नये. त्याच्या पाठीशी ज्ञातीने उभे राहावे. तेलंगांना जे एकट्याने साधले नाही, ते संघटित ज्ञातीला खचित साधेल. त्यांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन दुसरे कोणते?