झाडांचा घाम मोजणारा धर्मोपदेशक

स्टीफन हेल्स यांचा जन्म १६७७ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. केंब्रिजला शिकून १७०९ मध्ये ते टेडिंग्टन गावी धर्मोपदेशक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. घोड्याच्या धमनीत नळी बसवून त्यांनी रक्ताचा दाब मोजला. पण चिरफाडीचा त्यांना उबग आला.

पुढे एकदा छाटलेल्या द्राक्षवेलीतून रस वाहू लागला. तो थांबावा म्हणून त्यांनी जखमेवर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा बांधला, तर रसाच्या जोराने तोच फुगला! मुळे पाणी वर ढकलतात, हे दिसले. पण ते जाते कुठे?

१७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने झाकून सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उडून जाई. पाने खुडलेल्या फांद्या मात्र फारच थोडे पाणी ओढत. पाणी वर खेचण्यात पानांचा वाटा मोठा, हे त्यांनी १७२७ च्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात मांडले.

१७६१ मध्ये ते निवर्तले. पेशा धर्मोपदेशाचा, हाती एक तराजू! विज्ञान आपले नव्हे, असे म्हणणाऱ्या आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना हे चरित्र थोडे लाजवते आणि बरेच धैर्य देते.