रेने द्यूबो

रेने ज्यूल द्यूबो (२० फेब्रुवारी १९०१ – २० फेब्रुवारी १९८२) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पर्यावरणविचारक आणि लेखक होते. मातीतील जिवाणूंपासून त्यांनी १९३९ साली टायरोथ्रिसिन हे द्रव्य वेगळे केले. ग्रॅमिसिडिन हे जिवाणुनाशक पेप्टाइड याच द्रव्यातून मिळाले. जिवाणूंपासून मिळवून प्रत्यक्ष उपचारात आलेल्या पहिल्या प्रतिजैविकांमध्ये त्याची गणना होते.

प्रारंभिक जीवन

द्यूबो यांचा जन्म पॅरिसजवळील सँ-ब्रीस-सू-फोरे येथे झाला. त्यांचे बालपण एनोव्हिल या खेड्यात गेले. तेथे आईवडिलांचे मांसविक्रीचे दुकान होते. लहानपणी झालेल्या संधिज्वरामुळे त्यांचे हृदय कायमचे अधू झाले. पॅरिसच्या राष्ट्रीय कृषिविज्ञान संस्थेतून १९२१ साली पदवी घेतल्यावर ते रोम येथे आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेत संपादनाचे काम करू लागले. सूक्ष्मजीवांचा अभ्यास त्यांच्या नैसर्गिक परिसरातच व्हावा, हा सर्गेई विनोग्राद्स्की यांचा विचार तेथे त्यांच्या वाचनात आला आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. १९२४ साली ते अमेरिकेस गेले. रट्गर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

संशोधन

त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी यांच्याकडे रुजू झाले. न्यूमोनियाच्या जिवाणूभोवती बहुशर्करेचे आवरण असते. त्यामुळे शरीरातील पांढऱ्या पेशींना तो जिवाणू सहज गिळता येत नाही. हे आवरण पचवू शकणारा जिवाणू निसर्गात कोठेतरी असलाच पाहिजे, असे द्यूबो यांचे अनुमान होते. न्यू जर्सीतील क्रॅनबेरीच्या दलदलीतील मातीत तो त्यांना सापडला. त्याचे विकर उंदरांना न्यूमोनियापासून वाचवू शकते, हे १९३० साली सिद्ध झाले.

पुढे त्यांनी मातीच्या नमुन्यांत रोगकारक जिवाणू वारंवार मिसळले. त्यांचा फडशा पाडणाऱ्या जिवाणूंची वाढ व्हावी, हा त्यामागील हेतू होता. अशा रीतीने बॅसिलस ब्रेव्हिस हा जिवाणू आणि त्याचे टायरोथ्रिसिन हाती आले. रॉलिन हॉचकिस यांच्या सहकार्याने त्यातून ग्रॅमिसिडिन आणि टायरोसिडिन हे दोन घटक वेगळे करण्यात आले.

ग्रॅमिसिडिनचे कार्य

ग्रॅमिसिडिन ही १५ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्याचे दोन रेणू जिवाणूच्या पेशीपटलात टोकाला टोक जुळवून एक सूक्ष्म नलिका तयार करतात. तीमधून पोटॅशियम, सोडियम आणि हायड्रोजनचे आयन मुक्तपणे ये-जा करू लागतात. पटलाच्या दोन्ही बाजूंना आयनांच्या प्रमाणात असलेला फरक नाहीसा होतो. जिवाणूचे ऊर्जानिर्मितीचे कार्य याच फरकावर चालत असल्याने तो मरतो. टायरोसिडिन हे १० अमिनो आम्लांचे वर्तुळाकार पेप्टाइड असून ते पटलच विस्कळीत करते.

परंतु मानवी पेशींनाही पटल असतेच. रक्तात टोचल्यास ही द्रव्ये तांबड्या पेशी फोडतात. त्यामुळे त्यांचा वापर जखमा, त्वचा, डोळे व घसा यांवरील बाह्य उपचारांपुरताच राहिला. शरीरातील रोगांवर हे औषध चालले नाही, तरी शोधाची पद्धत मोलाची ठरली. वाक्समन यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा पद्धतशीर शोध हाती घेतला आणि १९४३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक मिळाले.

क्षयरोग

द्यूबो यांची पहिली पत्नी मारी लुईझ १९४२ साली क्षयाने मरण पावली; स्ट्रेप्टोमायसिन त्यानंतरच्या वर्षी सापडले. हार्वर्ड विद्यापीठातील अल्पकाळाच्या प्राध्यापकीनंतर १९४४ मध्ये द्यूबो रॉकफेलर संस्थेत परतले आणि क्षयाच्या अभ्यासाकडे वळले. क्षयाचे जिवाणू द्रव माध्यमात जलद व एकसारखे वाढवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. द्वितीय पत्नी जीन यांच्यासह त्यांनी क्षयाचा सामाजिक इतिहास लिहिला. तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

विचार आणि लेखन

जिवाणू औषधांना दाद देईनासे होतील, हा इशारा त्यांनी १९४० च्या दशकातच दिला होता. रोग केवळ जंतूमुळे होत नसून दारिद्र्य, आहार व राहणीमान यांचाही त्यात वाटा असतो, अशी त्यांची धारणा होती. सर्व रोगांचे कायमचे उच्चाटन ही कल्पना त्यांना भ्रामक वाटे. 'मिराज ऑफ हेल्थ' (१९५९) या ग्रंथात त्यांनी हाच विचार मांडला. 'सो ह्यूमन ॲन ॲनिमल' या पुस्तकास १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेसाठी त्यांनी बार्बरा वॉर्ड यांच्यासह 'ओन्ली वन अर्थ' हा ग्रंथ लिहिला.

न्यूयॉर्क येथे ८१ व्या वाढदिवशी त्यांचे निधन झाले.