इंजिनाच्या दुखण्याला माप देणारा माणूस

जुनी स्पोर्ट्स कार असो की शेतातला ट्रॅक्टर, इंजिन धड चालेनासे झाले की दोष शोधण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे. दुसरा म्हणजे ठिणगी, हवा आणि इंधन या तिन्हींची क्रमवार तपासणी करणे. पहिला मार्ग खर्चिक आणि बेभरवशाचा, तरीही सर्रास अवलंबिला जाणारा. दुसऱ्या मार्गाला ज्यांनी शिस्त दिली, त्यांत जर्मन उद्योजक रॉबर्ट बॉश यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो आणि इंधन फवारणारा पंप, ही इंजिनाची दोन्ही मर्मस्थाने त्यांच्या कारखान्यात घडली. मापातली तसूभर चूक न खपवणाऱ्या या माणसाच्या आयुष्याचा अखेरचा अध्याय मात्र सरळ मापात बसणारा नाही.

बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. वडील शेती करीत आणि खानावळ चालवीत. 12 भावंडांत रॉबर्ट 11 वे. उल्ममध्ये त्यांनी सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली. पुढे अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि लंडनला सीमेन्स बंधूंकडे काम करून ते मायदेशी परतले. 15 नोव्हेंबर 1886 रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांनी स्वतःची कर्मशाळा थाटली. हाताशी एक कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच तो संसार. विजेच्या घंटा, दूरध्वनी, तारयंत्रे अशी हाती येईल ती कामे ते करीत. सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जाऊन आपल्याच माणसांनी केलेले काम ते पुन्हा तपासत. सुरुवातीची अनेक वर्षे तंगीची गेली.

1887 साली एका यंत्रनिर्मात्याने त्यांच्याकडे इंजिनासाठी ठिणगी पाडणारे मॅग्नेटो यंत्र मागितले. डॉइट्झ कंपनीच्या एकस्व नसलेल्या यंत्राचा अभ्यास करून बॉश यांनी ते सुधारून बनविले. ही यंत्रे जागेवर बसविलेल्या संथ इंजिनांसाठी होती. दहा वर्षांनी, 1897 मध्ये, फ्रेडरिक सिम्स या इंग्रज अभियंत्याने द दिओं-बूतों या तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून मागितला, तेव्हा खरी कसोटी लागली. तिचे छोटे इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेई आणि जुने अवजड यंत्र त्या वेगाला पुरे पडेना. कर्मशाळेतील फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी जड भाग हलविण्याऐवजी त्याभोवतीची हलकी नळी हलविण्याची युक्ती काढली आणि अडचण सुटली. 1902 मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडणारा स्पार्क प्लग तयार केला. मोटारगाडीचा तोपर्यंतचा सर्वांत बेभरवशाचा भाग भरवशाचा झाला. या यशाचे श्रेय बॉश यांनी सहकाऱ्यांना मोकळेपणाने दिले. 1906 साली त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. थकलेला हात मापात चुकतो, हा व्यवहार त्यांना कळत होता.

माल विकला की जबाबदारी संपली, असे ते मानीत नसत. 1921 मध्ये हॅम्बुर्ग येथे बॉश दुरुस्ती सेवेचे पहिले केंद्र सुरू झाले. पुढे अशा केंद्रांचे जाळे देशोदेशी पसरले. प्रशिक्षित कारागीर, ठरलेली तपासणी आणि मोजमापाची साधने, ही या केंद्रांची ओळख बनली. याच वर्षी बॉश यांच्यावर मोठा आघात झाला. ज्याच्या हाती व्यवसाय सोपवायचा, तो एकुलता मुलगा दीर्घ आजाराने मरण पावला. उरलेली दोन दशके हा उद्योग आपल्यामागे कोणासाठी चालावा, हा प्रश्न त्यांच्यासमोर राहिला.

1922 च्या अखेरीस त्यांनी डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणारा पंप विकसित करण्याचा निर्णय घेतला. रुडॉल्फ डिझेल यांच्या मूळ इंजिनात इंधन आत सारण्यासाठी दाबाखालची हवा लागे आणि तिच्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. असे इंजिन ट्रकवर चढणे अवघड होते. बॉश यांच्या पंपात दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच ठेवावी लागे. फट वाढली तर दाब टिकत नाही, कमी झाली तर दट्ट्या अडकतो. 1927 साली या पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि डिझेल इंजिन रस्त्यावर आले, पुढे शेतातही उतरले.

वाशिम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव किंवा कारंजा तालुक्यात सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर मिसिंग मारू लागला की जाणता मिस्त्री आजही याच तत्त्वाने चालतो. डिझेलमध्ये पाणी वा कचरा आहे का, पाइपाने हवा धरली आहे का, हे तो आधी पाहतो. मग इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करतो. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करीत नसतो. दोष तिथेच शोधायचा. त्यानंतर नोझल काढून टेस्टरवर चढवली जाते. फवारा धुक्यासारखा बारीक यावा. थेंब गळू लागले तर नोझल खराब समजावी.

डिझेलवरचे हे तंत्र पेट्रोल इंजिनात आले ते आधी विमानांच्या रूपाने. 1937 पासून जर्मन विमानांच्या इंजिनांत बॉश कंपनीचे पेट्रोल इंजेक्शन बसू लागले. विमानाने एकाएकी खाली सूर मारला तरी त्या इंजिनांचा इंधनपुरवठा तुटत नसे. कार्बोरेटरवर चालणारी ब्रिटिश इंजिने अशा वेळी क्षणभर गुदमरत. बॉश यांच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग येथेच सुरू होतो. ते स्वतः उदारमतवादी होते आणि फ्रान्स-जर्मनी मैत्रीचा त्यांनी पुरस्कार केला होता. नाझी राजवटीला विरोध करणारे कार्ल गोर्डेलर यांना त्यांनी आपल्या कंपनीत सल्लागाराचे पद देऊन आधार दिला. छळल्या जाणाऱ्या ज्यूंना कंपनीतून मदत पोहोचविली जाई. त्यांचे निकटचे सहकारी हान्स वाल्त्स यांना या कामासाठी 1969 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने गौरविले. मात्र त्याच कारखान्यांत युद्धसामग्री तयार होत होती आणि युद्धकाळात सुमारे 20 हजार लोकांना तेथे सक्तीने राबविण्यात आले. 12 मार्च 1942 रोजी बॉश यांचे निधन झाले, तेव्हा ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांच्यावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार केले. गोर्डेलर यांना 1945 च्या फेब्रुवारीत फाशी देण्यात आली.

युद्धानंतर हे तंत्र स्पोर्ट्स कारमध्ये आले. 1954 साली मर्सिडीज-बेन्झ 300 एसएल ही गाडी बॉशच्या यांत्रिक पंपासह बाजारात आली. चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनात थेट इंजेक्शन असलेली ही पहिली उत्पादित मोटार होय. तिला एक खोडही होती. चावी बंद केल्यावर इंजिन फिरायचे थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारीतच राही. ते न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करी. त्यामुळे या गाडीचा कस पाहताना ऑइलचा वास घेणेही तपासणीचाच भाग ठरते.

1973 मध्ये पोर्शे 911 टी या गाडीत के-जेट्रॉनिक ही प्रणाली आली. तीत संगणक नाही. आत येणारी हवा एक चकती उचलते आणि ती जितकी उचलली जाईल, त्या प्रमाणात पेट्रोल नोझलकडे सोडले जाते. अशी जुनी गाडी थंड असताना सुरू होईना किंवा आयडलिंगला थरथरू लागली, तर मिश्रणाचा स्क्रू फिरवून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. आधी प्लग, ठिणगी आणि कॉम्प्रेशन तपासायचे. मग चकतीच्या पुढच्या रबरी नळ्या पाहायच्या. त्यांना चीर गेली असेल तर न मोजलेली हवा आत शिरते, चकती पुरेशी उचलली जात नाही आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडते. त्यानंतर गेज लावून पेट्रोलचा दाब पाहायचा. तो साधारण 5 बार असावा. नसेल तर पंप, फिल्टर किंवा दाब राखणारी झडप दोषी असू शकते. चकतीला रोखणारा दुसरा, नियंत्रक दाब इंजिन थंड असताना कमी आणि तापल्यावर जास्त हवा. तापल्यावरही तो कमीच राहिला तर काळा धूर येतो. थंड असताना तो जास्त असेल तर गाडी सुरू व्हायला त्रास देते. अखेरीस नोझल मापनळ्यांत फवारून सर्वांचे पेट्रोल सारखे भरते का, हे पाहायचे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर नोझल तुंबवतो. स्क्रूला हात लावायचा तो एवढे झाल्यावरच. आधी लावला तर मूळ दोषाबरोबर आणखी एक दोष गळ्यात पडतो.

भारताशी बॉश कंपनीचा संबंध 1922 मध्ये कोलकात्यातील विक्री केंद्रापासून जडला. 1951 साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली. नाशिकच्या सातपूर येथील तिच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले आणि नाशिककरांच्या बोलण्यात मायको सर्कल हे नाव रुळले. 2008 मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी चौकाचे नाव लोकांनी बदलले नाही.

मुलाच्या मृत्यूनंतर उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर बॉश यांनी मृत्युपत्रात दिले होते. त्याच्या आधारे 1964 पासून कंपनीची बहुतांश मालकी एका सेवाभावी प्रतिष्ठानाकडे गेली. आज हा वाटा सुमारे 94 टक्के आहे. 1940 मध्ये त्यांनी स्टुटगार्टमध्ये उभारलेले रुग्णालय आणि इतर लोकोपयोगी कामे त्या नफ्यावर चालतात. त्यांच्या पंपांनी ट्रक धावले, शेते भिजली आणि बॉम्बफेकी विमानेही उडाली. बॉश यांचे मोठेपण सांगताना सक्तीने राबविलेल्या त्या 20 हजार माणसांचा आकडा वगळता येत नाही. मोजणे सोडून अंदाजावर भागवू नये, हा त्यांचाच धडा त्यांच्या चरित्रालाही लागू पडतो.