बाजीप्रभूंना लाँग रेस्ट मिळाली नाही: गेमच्या नियमांतून पावनखिंड

मी बिद्रीचा. पावसाळ्यात लाईट गेली की आम्ही चौघं मोबाईलवर फासे टाकून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं होतात, निकाल फासा देतो. परवा वाद झाला: पन्हाळा ते विशाळगड ही धाव गेमच्या नियमांत बसते का?

आधी नियम बघूया

२०१४ च्या आवृत्तीत दिवसाची चाल ८ तासांची. जलद चाललात तर साधारण ४८ किमी, पण डोंगर-जंगलात निम्मंच, म्हणजे तासाला ३ किमी. ८ तासांच्या पुढे प्रत्येक तासाला फासा टाकायचा, आणि तो दर तासाला अवघड होत जातो. हरलात की थकव्याची एक पायरी चढते. सहाव्या पायरीला पात्र मरतं. ८ तासांच्या ‘लाँग रेस्ट’ने फक्त एक पायरी उतरते.

आता बाजीप्रभू

बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले, बांदल देशमुखांचे देशपांडे. बांदल आधी शिवाजी महाराजांच्या विरोधात होते. पुढे ते स्वराज्यात आले, त्यांच्याबरोबर बाजीप्रभूही.

१६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. महिने गेले, वेढा उठेना. शेवटी जुलैतल्या भर पावसाच्या रात्री महाराज पालखीतून निघाले. सोबत बाजीप्रभू आणि सुमारे ६०० मावळे. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशिद बसले. ते पकडले गेले आणि मारले गेले. पण तेवढ्यात मोलाचा वेळ मिळाला.

अंतर ६० किमीच्या आसपास. आमच्या हिशोबाने २० तास, म्हणजे थकव्याचे १२ फासे! आम्ही टाकून बघितले. आमची चारही पात्रं वाटेतच मेली.

मग लक्षात आलं, आम्ही सगळ्यांना एकत्रच गडावर पोहोचवत होतो. बाजीप्रभूंनी तसं केलं नाही. पाठलाग जवळ आल्यावर त्यांनी महाराजांना निम्म्या मावळ्यांसह पुढे पाठवलं आणि उरलेल्यांना घेऊन स्वतः घोडखिंडीत उभे राहिले. रात्रभर चिखल तुडवून आलेले पाय, झोप नाही, आणि समोर ताजी फौज. महाराज गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफा होईपर्यंत खिंड लढवायची, एवढंच ठरलं होतं. खिंड लढली. बाजीप्रभू तिथेच पडले, त्यांचे भाऊ फुलाजीही. त्या खिंडीला आज आपण पावनखिंड म्हणतो. दोघा भावांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

गेममध्ये रेस्ट म्हणजे एक बटण. पण रात्री सगळे झोपले तरी पहाऱ्याला कुणीतरी जागं लागतंच, आणि ते काम आमच्यात कुणालाच नको असायचं. त्या वादानंतरच्या डावात पहिला पहारा मी मागून घेतला. तुमच्या ग्रुपमध्ये पहारा कोण देतं?