खाशाबांचं पदक आणि सरांचं घर

निपाणीहून तासाभरात कोल्हापूर गाठता येतं. तिथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांचं पदक आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पदकाचा खर्च कोणी केला, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मला तेच सांगायचंय.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे लाल माती घरचीच. १९४८ मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेला हा गडी तिथे मॅटवर लढला आणि सहावा आला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत संस्थान विलीन झालं होतं. तेव्हा कराड, कोल्हापूर आणि आपलं बेळगाव-निपाणी सगळं मुंबई राज्यात. म्हणजे खाशाबांचं सरकार ते आपलंच सरकार. त्याच्याकडून वेळेवर पुरेशी मदत मिळेना. लोकांनी वर्गणी काढली, तरी भागेना. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

खाशाबा ५७ किलो गटात लढले आणि ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. गावाकडे शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गुलाल धुतला तरी कर्ज राहिलंच. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि जमलेले पैसे सरांच्या हातात ठेवले.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खर्डेकर सरांचा मोठेपणा मान्यच. पण कॉलेजच्या खेळाडूचा भार एका शिक्षकाच्या घरावर पडावा, ही अभिमानाची गोष्ट नव्हे. फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम दिसली की आपल्यातले न खेळणारे कुरकुरतात. मीही मैदानावर क्वचितच दिसतो. पण लायब्ररीची फी कबड्डीवालाही भरतोच की! जिमखान्याची रक्कम म्हणजे सगळ्यांनी थोडा थोडा उचललेला तोच भार. ती जरूर भरूया. आणि ती खेळाडूच्या बूट, खुराक, प्रवासापर्यंत पोचते का, हेही वर्षातून एकदा ऑफिसात जाऊन विचारूया.